चावी कोणाच्या हाती? वैयक्तिक संगणकातील सुरक्षा-चिप आणि तिच्याविषयीच्या अविश्वासाचा इतिहास

प्रस्तावना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संचालन प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. पुढची आवृत्ती, म्हणजे विंडोज ११, चालविण्यासाठी संगणकात 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-चिप असणे कंपनीने २०२१ मध्येच आवश्यक ठरविले होते. परिणामी उत्तम चालणारे, परंतु ही चिप किंवा कंपनीच्या यादीतील प्रोसेसर नसलेले असंख्य संगणक कालबाह्य ठरले. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये वर्तविलेल्या अंदाजानुसार जगभरात असे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाण्याची शक्यता होती.

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेचा कारभार पाहणाऱ्या अध्यापकासमोर हा प्रश्न खरेदीचा आणि अंदाजपत्रकाचा म्हणून उभा राहतो. परंतु त्याची मुळे त्याहून जुनी आहेत. संगणकाच्या आत कंपनीने बसविलेली सुरक्षा नेमकी कोणाची सुरक्षा करते, यावर १९९० च्या दशकापासून वाद झडत आला आहे. प्रस्तुत लेखात या वादाचा कालक्रमाने आढावा घेतला असून, टीकाकारांची कोणती भीती खरी ठरली आणि कोणती ठरली नाही, हेही तपासले आहे.

पूर्वपीठिका : क्लिपर चिप

या अविश्वासाची सुरुवात संगणकापासून नव्हे, तर दूरध्वनीपासून झाली. १६ एप्रिल १९९३ रोजी अमेरिकेच्या क्लिंटन प्रशासनाने 'क्लिपर' नावाच्या चिपची घोषणा केली. राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजेच 'एनएसए'ने, तिची रचना केली होती. दूरध्वनीवरील संभाषण कूटबद्ध करणे हे तिचे काम. मात्र प्रत्येक चिपची गुप्त चावी दोन भागांत विभागून ते भाग दोन सरकारी खात्यांकडे ठेवले जाणार होते. कायदेशीर परवानगी मिळाल्यावर तपास यंत्रणांनी ते दोन्ही भाग जुळवून संभाषण ऐकावे, अशी ही योजना होती. तिच्यातील 'स्किपजॅक' ही गणिती पद्धतही गुप्त ठेवण्यात आली होती.

नागरी स्वातंत्र्यवादी आणि संगणकतज्ज्ञ या दोघांनीही योजनेला विरोध केला. १९९४ मध्ये बेल प्रयोगशाळेतील मॅट ब्लेझ यांनी दाखवून दिले की, सरकारला चावी शोधून देणारा संदेशातील भाग अवघ्या १६ बिटांच्या पडताळणीवर अवलंबून असल्यामुळे त्याला चकवता येते. १९९६ पर्यंत ही योजना व्यवहारात संपुष्टात आली. तरीही तिने मागे एक प्रश्न ठेवला : कुलूप आपल्या दाराला आणि चावी दुसऱ्याकडे, अशा व्यवस्थेला सुरक्षा म्हणावे काय?

पेंटियम ३ चा अनुक्रमांक

याच प्रश्नाने १९९९ मध्ये वैयक्तिक संगणकात प्रवेश केला. जानेवारी महिन्यात इंटेल कंपनीने जाहीर केले की, येऊ घातलेल्या पेंटियम ३ प्रोसेसरमध्ये प्रत्येकी ९६ बिटांचा स्वतंत्र अनुक्रमांक कोरलेला असेल आणि आज्ञावलींना तो वाचता येईल. इंटरनेटवरील खरेदी-विक्रीत ग्राहकाची ओळख पटावी आणि मोठ्या कार्यालयांना आपल्या यंत्रांची नोंद ठेवता यावी, अशी कारणे कंपनीने दिली.

टीकाकारांना त्यात दुसरेच काही दिसले. प्रत्येक संकेतस्थळाने हा क्रमांक विचारण्यास सुरुवात केली, तर एका व्यक्तीच्या सर्व हालचाली एकाच क्रमांकाखाली जोडता येतील, असे त्यांचे म्हणणे होते. वॉशिंग्टन येथील 'एपिक' या खासगीपणाच्या हक्कासाठी काम करणाऱ्या संस्थेने इतरांसह इंटेलवर बहिष्काराची हाक दिली. 'इंटेल इनसाइड' या प्रसिद्ध बोधचिन्हाचे विडंबन करून 'बिग ब्रदर इनसाइड' असे चिन्हही तयार करण्यात आले. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांचा आक्षेप तांत्रिक स्वरूपाचा होता. प्रोसेसरचा क्रमांक खरा असला, तरी तो विचारून पुढे पाठविणारी आज्ञावली खोटे बोलू शकते. तेव्हा ओळख पटविण्यासाठी तो निरुपयोगीच, असे त्यांनी दाखवून दिले.

दबावामुळे इंटेलने हा क्रमांक मुळात बंद ठेवून देण्याचे मान्य केले. परंतु एका जर्मन संगणक नियतकालिकाने, तो वापरकर्त्याच्या नकळत आज्ञावलीद्वारे पुन्हा सुरू करता येतो, असे फेब्रुवारी १९९९ मध्येच निदर्शनास आणले. अखेर नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ मध्ये हा क्रमांक ठेवला गेला नाही. ग्राहकांच्या अविश्वासामुळे प्रोसेसरमधील एक सोय काढून टाकली जाण्याचे हे ठळक उदाहरण होय.

टीसीपीए आणि 'विश्वस्त' संगणक

पेंटियम ३ चा वाद चालू असतानाच, ऑक्टोबर १९९९ मध्ये कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांनी 'ट्रस्टेड कम्प्युटिंग प्लॅटफॉर्म अलायन्स', म्हणजेच 'टीसीपीए', ही आघाडी स्थापन केली. २००१ मध्ये तिने एका चिपचे पहिले तपशीलवार मानक प्रसिद्ध केले. या चिपला 'ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मोड्यूल' किंवा 'टीपीएम' असे नाव मिळाले. एप्रिल २००३ मध्ये आघाडीची जागा 'ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुप' या संस्थेने घेतली आणि त्याच वर्षी मानकाची १.२ ही आवृत्ती आली.

टीपीएमचे काम समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाही. संगणक सुरू होतो तेव्हा एकेक आज्ञावली पुढच्या आज्ञावलीला जागे करते. टीपीएम असलेल्या संगणकात, पुढच्या आज्ञावलीला हाती कारभार देण्यापूर्वी तिचा गणिती ठसा घेतला जातो आणि तो चिपमधील नोंदीत मिळविला जातो. ही नोंद कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तिकेसारखी असते. तिच्यात भर घालता येते, आधीचे खोडता येत नाही. या नोंदीच्या आधारे दोन कामे होतात. पहिले म्हणजे, संगणक अपेक्षित अवस्थेत सुरू झाला असेल तरच चिप गुप्त चावी मोकळी करते. त्यामुळे चोरीस गेलेल्या लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तरी मजकूर वाचता येत नाही. दुसरे म्हणजे, चिप आपल्या नोंदीवर स्वाक्षरी करून दूरच्या एखाद्या कंपनीला कळवू शकते की, या संगणकावर अमुकच आज्ञावल्या चालू आहेत. याला दूरस्थ साक्षांकन म्हणता येईल.

पहिल्या कामाला फारसा कोणाचा आक्षेप नव्हता. वाद पेटला तो दुसऱ्यावर. संगणकाने आपल्या मालकाविषयी तिऱ्हाइताला साक्ष द्यावी, आणि ती साक्ष बदलण्याचा अधिकार मालकाला नसावा, ही गोष्ट वैयक्तिक संगणकाच्या इतिहासात नवी होती.

पॅलॅडियम आणि टीकेचे वर्ष

२००२ च्या जूनअखेरीस 'न्यूजवीक' साप्ताहिकात स्टीव्हन लेव्ही यांच्या लेखाद्वारे मायक्रोसॉफ्टच्या 'पॅलॅडियम' या प्रकल्पाची माहिती जगाला मिळाली. विंडोजच्या पोटात एक वेगळा, बंदिस्त कप्पा असावा. त्यात चालणाऱ्या आज्ञावलींना बाकीच्या प्रणालीने स्पर्श करू नये. आणि या कप्प्याची ग्वाही टीपीएमसारख्या चिपने द्यावी, अशी ती कल्पना होती. विषाणू आणि घुसखोरी रोखण्यासाठी ही योजना असल्याचे कंपनी सांगत होती. परंतु चित्रपट आणि संगीत कंपन्यांना नक्कलविरोधी कुलपे हवी होती, हेही त्या काळी उघड होते. त्यामुळे ही सुरक्षा ग्राहकासाठी की ग्राहकापासून, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला.

केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक रॉस अँडरसन (१९५६-२०२४) यांनी त्याच उन्हाळ्यात प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात केलेली मांडणी सर्वाधिक वाचली गेली. त्यांचा रोख केवळ गाण्यांवरील कुलपांवर नव्हता. एका कंपनीच्या आज्ञावलीत लिहिलेले दस्तऐवज दुसऱ्या कंपनीच्या आज्ञावलीत उघडूच नयेत, अशी व्यवस्था या तंत्राने सहज करता येईल, ग्राहकाला कंपनी बदलणे महाग पडेल आणि दूरवरून एखादा मजकूर निकामी करता येईल, असे इशारे त्यांनी दिले. फ्री सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या तंत्राला 'विश्वासघातकी संगणन' असे नाव दिले. हे स्टॉलमन २००१ च्या जुलैमध्ये तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाच्या स्थापनेला उपस्थित होते. त्यामुळे भारतातील, विशेषतः केरळमधील, कार्यकर्त्यांना त्यांची भूमिका परिचित होती.

या संदर्भात 'ट्रस्टेड' या शब्दाचा अर्थ लक्षात घेणे आवश्यक आहे. सुरक्षाशास्त्रात 'ट्रस्टेड' म्हणजे विश्वासास पात्र नव्हे. ज्याच्या बिघाडामुळे सगळी सुरक्षा कोसळू शकते, तो घटक 'ट्रस्टेड'. अँडरसन यांनी या भेदाकडे आवर्जून लक्ष वेधले होते. शैक्षणिक संस्थांच्या परिचयातील उदाहरण घ्यायचे तर, न्यासावर विश्वस्त नेमला म्हणून तो विश्वासास पात्र ठरतोच असे नाही. म्हणून तर हिशेबतपासणीची तरतूद असते. टीपीएमच्या टीकाकारांचे म्हणणे थोडक्यात असे की, येथे विश्वस्त नेमला आहे, पण तो कोणाच्या हितासाठी काम करतो हे स्पष्ट नाही, आणि त्याचे दफ्तर तपासण्याची सोय मालकाला नाही.

दुसरी बाजू

इतिहासाच्या दृष्टीने दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. आयबीएमच्या संशोधन विभागातील डेव्हिड सॅफर्ड यांनी २००२ मध्येच टीकेला उत्तर दिले. ही चिप स्वतःहून काही करीत नाही, ती विचारल्यावरच उत्तर देते, मालक तिला बंद ठेवू शकतो आणि नक्कलविरोधी कुलपासाठी तिची रचनाच सोयीची नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आयबीएमने लिनक्स प्रणालीसाठी या चिपची चालक-आज्ञावली खुल्या स्वरूपात उपलब्ध करून दिली. चिप एकाच प्रणालीची बटीक नाही, हे त्यातून दिसून आले.

टीकेचा परिणाम मानकावरही झाला. मूळ रचनेत संगणकाची ओळख पटविण्यासाठी एका मध्यस्थ संस्थेवर विसंबावे लागत होते, आणि त्या संस्थेला वापरकर्त्याचे सर्व व्यवहार जोडता येण्याचा धोका होता. १.२ आवृत्तीत, ओळख उघड न करता चिप अस्सल असल्याचे सिद्ध करणारी गणिती पद्धत समाविष्ट करण्यात आली. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे सेथ शोन यांनी २००३ मध्ये आणखी एक तोडगा सुचविला. दूरच्या कंपनीला कोणती साक्ष पाठवायची, हे ठरविण्याचा अंतिम अधिकार संगणकाच्या मालकाला द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. चिपचे सर्व फायदे राहतील आणि मालकाविरुद्ध तिचा वापर करता येणार नाही, असा तो मध्यममार्ग होता. तो मात्र स्वीकारला गेला नाही. ज्यांना ग्राहकावर विश्वास नव्हता, त्यांच्या दृष्टीने ग्राहकाला असा अधिकार देणे म्हणजे साक्षांकनाला अर्थच न उरणे होते. वादाचे खरे स्वरूप या नकारातून जितके स्पष्ट झाले, तितके ते कोणत्याही घोषणेतून झाले नव्हते.

पॅलॅडियम प्रकल्पाचे नाव जानेवारी २००३ मध्ये बदलण्यात आले, आणि पुढे त्याची मोठी महत्त्वाकांक्षा मागे पडली. विंडोज व्हिस्टामध्ये त्यातून मुख्यतः 'बिटलॉकर' ही डिस्क कूटबद्ध करणारी सोय तेवढी उरली. वैयक्तिक संगणकावर गाणी आणि दस्तऐवज टीपीएमच्या जोरावर कुलूपबंद होतील, ही २००२ मधील सर्वात गाजलेली भीती त्या स्वरूपात खरी ठरली नाही.

सिक्युअर बूट आणि जर्मनीचा पवित्रा

वादाचा दुसरा अध्याय २०११ मध्ये सुरू झाला. विंडोज ८ साठी मायक्रोसॉफ्टने संगणक-उत्पादकांना 'सिक्युअर बूट' ही सोय चालू ठेवण्याची अट घातली. मान्यताप्राप्त स्वाक्षरी असलेली प्रणालीच संगणक सुरू करू शकेल, असा तिचा अर्थ. त्या वेळी रेड हॅट कंपनीत असलेले मॅथ्यू गॅरेट यांनी त्या सप्टेंबरमध्ये दाखवून दिले की, स्वाक्षरीची चावी फक्त मायक्रोसॉफ्टची असेल आणि ती सोय बंद करता येत नसेल, तर अशा संगणकावर लिनक्स बसविणेच अशक्य होईल. यानंतर स्पष्ट झालेल्या अटींनुसार, नेहमीच्या संगणकांवर ही सोय बंद करण्याची आणि स्वतःची चावी बसविण्याची मुभा मालकाला मिळाली. एआरएम प्रोसेसरच्या विंडोज यंत्रांवर मात्र ती नाकारण्यात आली. तंत्र तेच, कंपनीही तीच. फरक होता तो एका ठिकाणी मालकाला नकार देता येत होता आणि दुसऱ्या ठिकाणी येत नव्हता, एवढाच.

सरकारांनाही हा प्रश्न भेडसावू लागला होता. चीनने विदेशी मानकाऐवजी स्वतःच्या गणिती पद्धती वापरणारी 'टीसीएम' ही वेगळी चिप विकसित केली. जर्मनीच्या गृहमंत्रालयाने २०१२ मध्ये, यंत्राच्या मालकाला त्याच्या सुरक्षा-यंत्रणेवर पूर्ण नियंत्रण असले पाहिजे, अशी भूमिका जाहीर केली. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या पाळत-यंत्रणेची कागदपत्रे उघड केली आणि या भूमिकेला धार आली. ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने निवेदन काढले. विंडोज ८ वापरू नका असा इशारा आपण देत नाही, मात्र विंडोज ८ आणि टीपीएम २.० एकत्र आल्यास प्रणाली व यंत्र या दोहोंवरील नियंत्रण काही अंशी गमावले जाते आणि त्यातून सरकारी यंत्रणांसाठी नवे धोके संभवतात, असा त्याचा आशय होता.

विश्वस्तच सदोष निघाला तर?

चिपचा हेतू शुद्ध मानला, तरी ती अभेद्य असते काय? २०१० मध्ये ख्रिस्तोफर टार्नोव्स्की यांनी इन्फिनिऑन कंपनीच्या सुरक्षा-चिपचे आवरण आम्लाने विरघळवून, सूक्ष्म सुयांच्या साहाय्याने तिच्यातील गुपिते वाचून दाखविली. मात्र यासाठी महागडी साधने आणि अनेक महिन्यांचे श्रम लागले होते.

२०१७ मध्ये उघड झालेल्या दोन घटना अधिक गंभीर होत्या. मे महिन्यात इंटेलने मान्य केले की, तिच्या अनेक व्यावसायिक संगणकांतील दूरस्थ व्यवस्थापनाच्या सोयीत मोठा दोष आहे. परवलीच्या शब्दाच्या उत्तरादाखल काहीही न पाठविले, तरी यंत्र प्रवेश देत होते. ही सोय 'मॅनेजमेंट इंजिन' या स्वतंत्र, बंदिस्त प्रोसेसरवर चालते आणि वापरकर्त्याच्या प्रणालीला तिचा पत्ता लागत नाही. ऑगस्टमध्ये पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या संशोधकांना या इंजिनचा बराचसा भाग बंद करणारी एक अघोषित कळ सापडली. अमेरिकी सरकारच्या एका उच्च-सुरक्षा कार्यक्रमासाठी उत्पादकांच्या विनंतीवरून ती ठेवली होती, असे इंटेलने सांगितले. सरकारी गिऱ्हाइकाला उपलब्ध असलेली ही कळ सामान्य ग्राहकाला सांगितलीही गेली नव्हती.

ऑक्टोबर २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी, इन्फिनिऑनच्या चिपमध्ये तयार होणाऱ्या चाव्या कमकुवत असल्याचे उघड केले. या चिपना अधिकृत सुरक्षा-प्रमाणपत्रे मिळालेली होती. त्या अनेक टीपीएममध्येच नव्हे, तर एस्टोनियाच्या नागरिक ओळखपत्रांतही होत्या. सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची डिजिटल प्रमाणपत्रे एस्टोनियाला नोव्हेंबरमध्ये स्थगित करावी लागली. चावी बनविण्याची रीत गुप्त ठेवल्याने दोष अनेक वर्षे लपून राहिला होता.

भीती खरी ठरली, पण दुसरीकडे

दरम्यान २००२ मधील इशारे वेगळ्याच यंत्रांत खरे ठरत होते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने हक्कांच्या तंट्यामुळे जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबऱ्यांच्या काही विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दूरवरूनच काढून टाकल्या. यात टीपीएमचा संबंध नव्हता. पण विकत घेतलेल्या यंत्रातील मजकूर विकणाऱ्याच्या ताब्यात राहू शकतो, हे सिद्ध झाले. मोबाइल फोनवर दूरस्थ साक्षांकन आता नित्याची बाब आहे. अँड्रॉइड फोनच्या मालकाने फोनमधील मूळ प्रणाली बदलली, तर बँकांची अनेक ॲप चालण्यास नकार देतात. कारण गूगलची यंत्रणा बँकेला फोनची साक्ष देते. २०२३ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी संकेतस्थळांसाठीही अशीच व्यवस्था प्रस्तावित केली होती. तीव्र टीकेनंतर नोव्हेंबरमध्ये ती मागे घेण्यात आली. १९९९ मधील अनुक्रमांकाच्या वादाची त्यामुळे आठवण होते.

विंडोज ११ ची अट या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. टीपीएममुळे चोरीस गेलेल्या लॅपटॉपमधील माहिती सुरक्षित राहते, हा लाभ खरा आहे. परंतु चिप असणे ही प्रणाली चालण्याचीच पूर्वअट झाली, तेव्हा ती बंद ठेवण्याचा २००२ मधील आश्वासित पर्याय बऱ्याच अंशी नाममात्र झाला. शिवाय मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केलेल्या अनेक संगणकांत डिस्कची पुनर्प्राप्ती-चावी कंपनीच्या सर्व्हरवर आपोआप साठविली जाते. विसरभोळ्या वापरकर्त्याला ती तारते. पण चावीची दुसरी प्रत दुसऱ्याच्या घरी आहे, हे पुष्कळांना ठाऊकही नसते.

समारोप

गेल्या तीन दशकांच्या या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. टीकाकारांनी चिपच्या हेतूविषयी केलेले सर्व तर्क खरे ठरले नाहीत. आणि कंपन्यांनी दिलेली सर्व आश्वासनेही टिकली नाहीत. मात्र अविश्वास वाया गेला नाही. पेंटियमचा अनुक्रमांक मागे घेतला गेला, टीपीएमला ओळख न उघडणारी पद्धत मिळाली, सिक्युअर बूट बंद करण्याची मुभा मिळाली. या सर्व सुधारणा तपशील वाचून प्रश्न विचारणाऱ्यांमुळे झाल्या, केवळ संशय बाळगणाऱ्यांमुळे नव्हे.

संगणकशास्त्र शिकविणाऱ्या आणि संस्थेसाठी यंत्रे खरेदी करणाऱ्या अध्यापकांना यातून तीन प्रश्न घेता येतील : चावी कोणाकडे आहे, ही सोय मालकाला बंद करता येते काय, आणि तिची रचना बाहेरच्या तज्ज्ञांना तपासता येते काय. क्लिपरपासून विंडोज ११ पर्यंतचे प्रत्येक प्रकरण या तीन प्रश्नांनी तपासता येते. विंडोज १० वर अडकलेल्या संगणकांबाबतही हेच प्रश्न उपयोगी आहेत. त्यांपैकी बहुतेकांवर लिनक्सची एखादी चालू आवृत्ती बसविता येते. केरळमधील सरकारी शाळांनी अशा मुक्त प्रणालींवर अनेक वर्षे अध्यापन चालविले आहे. प्रयोगशाळेतील जुनी यंत्रे मोडीत काढण्याचा ठराव करण्यापूर्वी त्यांपैकी एकावर हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेतला, तर खर्च वाचेल आणि या इतिहासाचा पाठही प्रत्यक्ष होईल.